पुरावा खिशात आहे, पण कोर्टात नाही

मोर्चा अडवला गेला, लाठीमार झाला, फलक उखडला किंवा एखाद्या दुकानाच्या मराठी पाटीला काळे फासले, की आपल्याकडे लगेच पंधरा-वीस मोबाइल वर होतात. संध्याकाळपर्यंत त्या चित्रफिती खानापूरपासून निपाणीपर्यंत आणि पुढे कोल्हापूर-मुंबईपर्यंत फिरतात. लोक चिडतात, निषेधाची पत्रके निघतात, दोन दिवस वाहिन्यांवर चर्चा होते. मग महिने जातात. ज्यांच्यावर गुन्हे दाखल झाले ती पोरे तारखांना जाऊ लागतात. दोन-तीन वर्षांनी साक्षीपुरावा सुरू होतो आणि वकीलसाहेब साधा प्रश्न विचारतात, "मूळ चित्रण कुणाकडे आहे?" तेव्हा कळते, की ज्याने ते काढले त्याने मोबाइल बदलला. दुसऱ्याने जागा नाही म्हणून पुसून टाकले. उरली आहे ती फक्त ग्रुपवर आलेली, कुणी अर्धी कापलेली, कुणी वर गाणे चिकटवलेली प्रत. ती कोर्टाच्या उपयोगाची नसते.

सीमाभागातील आपली चळवळ रस्त्यावर जेवढी लढली तेवढीच कोर्टात लढली आहे. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तो आजही आपल्या आशेचा मोठा आधार आहे. पण त्या मोठ्या दाव्याबरोबर शेकडो छोटे खटले आपल्या कार्यकर्त्यांच्या मानेवर आहेत, आणि त्यांचा निकाल दिल्लीत नव्हे, इथल्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांत लागतो. जमावबंदी मोडली, सरकारी कामात अडथळा आणला, चिथावणीखोर मजकूर पाठवला, अशा या केसेस. आज त्यांपैकी बहुतेक केसेस मोबाइल, सीसीटीव्ही आणि पेन ड्राइव्हवर उभ्या राहतात. तरी या पुराव्याचे काय करायचे याची समज आपल्या संघटनेत अजून आलेली नाही. म्हणून हा लेख.

मी वकील नाही, संगणक अभियंताही नाही. बँकेच्या काउंटरवर बसणारा, कॉमर्स शिकलेला माणूस आहे. पण व्हाउचरशिवाय नोंद नाही आणि सहीशिवाय व्हाउचर नाही, हे आमच्या अंगात मुरलेले असते. कोर्टातला डिजिटल पुरावा म्हणजे थोडक्यात हीच शिस्त आहे. नावे तेवढी नवीन आहेत.

जालन्याचा धडा

हा विषय पुस्तकी वाटू नये म्हणून आपल्या मराठी मुलखातलीच हकीकत सांगतो. २०१४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर निवडून आले. कैलास गोरंट्याल २९६ मतांनी पडले. गोरंट्याल यांनी निवडणूक याचिका केली. त्यांचे म्हणणे असे, की खोतकर यांचे उमेदवारी अर्ज दुपारी ३ ची मुदत उलटून गेल्यावर घेतले गेले. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात कॅमेरे होते. त्यांत घड्याळ होते, माणसे होती, सगळे होते. त्या चित्रणाच्या तबकड्या सरकारी कार्यालयातूनच मिळाल्या.

मग अडचण कुठे आली? जुन्या भारतीय पुरावा कायद्यातील कलम ६५-ब प्रमाणे अशा तबकडीबरोबर एक दाखला लागतो. ही प्रत कोणत्या यंत्रावरून निघाली, ते यंत्र नीट चालू होते काय आणि ते कुणाच्या ताब्यात होते, हे जबाबदार माणसाने लिहून द्यायचे. गोरंट्याल यांनी हा दाखला पुन्हा पुन्हा मागितला, पण अधिकाऱ्यांनी दिला नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्यांच्या साक्षी आणि इतर पुरावा पाहून नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२० रोजी तिथे निकाल लागला.

त्या निकालाने देशभराचा कायदा पक्का केला. मूळ यंत्र कोर्टात आणता येत नसेल आणि त्यावरची प्रत द्यायची असेल, तर दाखला सक्तीचा. तोंडी साक्षीने ती उणीव भरून निघत नाही. मूळ मोबाइल किंवा लॅपटॉप मालकाने स्वतः साक्षीला उभे राहून हजर केला आणि तो आपलाच आहे हे सिद्ध केले, तर दाखल्याची गरज नाही. आणि ज्याच्याकडून दाखला हवा तो देत नसेल, तर कोर्टाकडे अर्ज करून आदेश मिळवायचा. गोरंट्याल यांनी आपल्या परीने सगळे प्रयत्न केले होते, त्यांच्याजवळ दुसरा पुरावाही होता, म्हणून त्यांच्या बाजूचा निकाल टिकला.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. हा निकाल आला तेव्हा त्या विधानसभेची मुदत संपून नवी निवडणूकही होऊन गेली होती. एका कागदाच्या वादात किती वर्षे जातात, हे यावरून दिसते. त्याआधी २०१४ साली केरळातल्या अन्वर विरुद्ध बशीर या निवडणूक खटल्यातही असेच झाले. प्रचारातील गाण्यांच्या आणि घोषणांच्या सीडी दाखल्याशिवाय दिल्या होत्या, त्या विचारातच घेतल्या गेल्या नाहीत. सीडीत काय होते याला महत्त्वच उरले नाही.

आजचा कायदा काय मागतो

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. ६५-ब ची जागा आता कलम ६३ ने घेतली आहे. दाखल्याचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच छापला आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. भाग अ पुरावा देणाऱ्याने भरायचा. त्यात यंत्राचा प्रकार, कंपनी, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, मोबाइल असेल तर आयएमईआय क्रमांक, ते यंत्र त्या काळात नीट चालत होते हे विधान, तारीख, वेळ, ठिकाण आणि सही हे सगळे येते. भाग ब तज्ज्ञाने भरायचा. दोन्ही भागांत एक नवी गोष्ट मागितली आहे, ती म्हणजे हॅश मूल्य.

हे हॅश मूल्य म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगतो. पूर्वी बँकेत दिवसअखेर सगळ्या व्हाउचरांची बेरीज मारून खतावणीशी ताळा घालत. एका व्हाउचरचा एक पैसा जरी बदलला तरी ताळा चुकायचा आणि आम्ही रात्री आठपर्यंत तो शोधत बसायचो. हॅश हा तसाच ताळा आहे, फक्त कितीतरी कडक. संगणक पूर्ण फाइल वाचतो आणि ठरलेल्या गणिताने तिचा एक छोटा आकडा काढतो. एसएचए-२५६ या पद्धतीत तो ६४ अक्षर-अंकांचा असतो. शंभर पानांच्या फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदला, आकडा पूर्ण वेगळा येतो. आकड्यावरून फाइल परत तयार करता येत नाही, पण फाइल तीच आहे की नाही हे क्षणात कळते. म्हणून जप्तीच्या दिवशी लिहिलेला आकडा आणि कोर्टात काढलेला आकडा जुळला, तर मधल्या काळात त्या फाइलला कुणी हात लावलेला नाही असे म्हणता येते.

नमुन्यात एमडी५, एसएचए-१ आणि एसएचए-२५६ अशी नावे दिली आहेत. यांपैकी एमडी५ ची कमजोरी २००४ मध्ये दाखवली गेली. दोन वेगळ्या फाइलींचा एकच आकडा मुद्दाम पाडता येतो, हे तेव्हा सिद्ध झाले. एसएचए-१ चेही तसेच उदाहरण २०१७ मध्ये दाखवले गेले. म्हणून आपण नेहमी एसएचए-२५६ लिहावे आणि तपास यंत्रणेकडूनही तेच मागावे. हा आकडा काढायला महागडे साधन लागत नाही. विंडोजच्या संगणकात सर्टयुटिल नावाची सोय आधीपासूनच असते. दहावीतला मुलगा ती पाच मिनिटांत शिकतो.

हॅशला एक मर्यादा आहे, तीही सांगितली पाहिजे. आकडा काढला त्या क्षणापासून पुढे फाइल बदलली नाही, एवढेच हॅश सांगतो. त्याआधी तिच्यात काही घातले होते का, हे तो सांगत नाही. भीमा-कोरेगाव प्रकरणात पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये संगणक जप्त केले. २०२१ मध्ये आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन संस्थेने आरोपींच्या बाजूने तपासणी करून अहवाल दिला. रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये जप्तीच्या आधीच नेटवायर नावाच्या घुसखोर प्रणालीतून पत्रे टाकली गेली होती, असे त्यात म्हटले होते. तपास यंत्रणेने हे मान्य केले नाही. खरे काय ते न्यायालय ठरवील, त्यात आपण पडायचे कारण नाही. आपल्यासाठी महत्त्वाचे इतकेच, की आरोपीच्या बाजूला डिस्कची प्रत मिळाली म्हणूनच हा प्रश्न उभा राहू शकला. प्रत मिळाली नसती तर विचारायलाही जागा उरली नसती.

आपण चित्रण करतो तेव्हा

सीमाभागातल्या प्रसंगांचा अनुभव ध्यानात घेऊन काही नियम प्रत्येक गावात पाळले गेले पाहिजेत असे मला वाटते.

पहिला नियम म्हणजे ज्या मोबाइलवर चित्रण झाले तो मोबाइल जपायचा. विकायचा नाही, रिसेट करायचा नाही, त्यातली मूळ फाइल कापायची नाही की सजवायची नाही. तोच उत्तम पुरावा आहे आणि जालन्याच्या निकालाप्रमाणे सर्वांत सोपा मार्गही तोच आहे. गरीब घरच्या मुलाला हे परवडत नसेल, तर संघटनेने त्याला दुसरा साधा मोबाइल घेऊन द्यावा. एका मोर्चाच्या मंडपापेक्षा तो स्वस्त पडेल.

दुसरे, व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीने पाठवलेली चित्रफीत मूळ राहत नाही. पाठवताना ती दाबून लहान केली जाते आणि तिच्यातील वेळ-ठिकाणाच्या नोंदी गळतात. तिचा हॅश मूळ फाइलशी कधीच जुळणार नाही. वकिलांना किंवा कार्यालयाला पाठवायचीच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते. त्याहून चांगले म्हणजे केबल लावून संगणकावर उतरवा, त्याच दिवशी हॅश काढा, वहीत लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. लोकांना दाखवायला हवी ती प्रत खुशाल फिरवा, पण ती वेगळी आणि मूळ वेगळे.

तिसरे, ताब्याची वही ठेवा. फाइल किंवा मोबाइल कुणाकडून कुणाकडे गेला, कोणत्या तारखेला, किती वाजता, कशासाठी आणि कोणत्या पाकिटात सील करून, हे सगळे त्या वहीत यावे. बँकेत तिजोरीच्या किल्ल्या एकाकडून दुसऱ्याकडे जाताना रजिस्टरवर सही होते, तसेच हे आहे. या साखळीत एक कडी तुटली, की समोरचा वकील नेमके तिथेच बोट ठेवतो.

चौथे, सीसीटीव्हीच्या बाबतीत घाई करा. रेकॉर्डरची डिस्क भरली, की जुने चित्रण आपोआप पुसले जाऊन त्यावर नवे बसते. काही दुकानांत ते पंधरा दिवसांत जाते, काहींत महिन्यात. घटनेच्या दुसऱ्या दिवशीच दुकानदाराला लेखी विनंती द्या आणि पोचपावती घ्या. त्या रेकॉर्डरचे घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा किती मिनिटे पुढे-मागे आहे तेही लिहून ठेवा. अनेक खटल्यांत या दहा मिनिटांच्या फरकावरून वाद माजतो.

पोलीस ठाण्यात कुणाला मारहाण झाली असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा २ डिसेंबर २०२० चा परमवीरसिंग सैनी प्रकरणातील आदेश लक्षात ठेवा. प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही असावा आणि त्याचे चित्रण १८ महिने जपावे, तशी यंत्रे मिळत नसतील तरी एक वर्षापेक्षा कमी नाही, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे ते चित्रण जपून ठेवा असा अर्ज लगेच देता येतो. अर्ज दिला, पोचपावती घेतली आणि तरीही चित्रण मिळाले नाही, तर का मिळाले नाही याचे उत्तर समोरच्याला द्यावे लागते. अर्जच दिला नाही तर कुणी काही विचारत नाही.

पोलीस मोबाइल जप्त करतात तेव्हा

आपल्या पोरांची खरी अडचण इथे आहे. एखाद्या स्टेटसवरून, एखाद्या पुढे पाठवलेल्या मजकुरावरून ठाण्यात बोलावतात, मोबाइल काढून घेतात, पासवर्ड विचारतात, आणि पोरगा घाबरून सगळे देऊन टाकतो. घरी येतो तेव्हा हातात साधा कागदही नसतो.

कर्नाटक उच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये वीरेंद्र खन्ना प्रकरणात अशा जप्तीबद्दल तपशीलवार सूचना दिल्या आहेत. झडतीच्या पथकाबरोबर शक्यतो जाणकार न्यायवैद्यक परीक्षक असावा. तपास अधिकाऱ्याने जागेवरच संगणक उघडून शोधाशोध करू नये. बंद असलेले यंत्र चालू करू नये, चालू असेल तर पडद्याचे फोटो घ्यावेत. मोबाइल लहरी अडवणाऱ्या पिशवीत ठेवावा, म्हणजे बाहेरून त्यात काही पाठवता किंवा पुसता येणार नाही. हा निकाल आपल्याच राज्याच्या उच्च न्यायालयाचा आहे, म्हणून इथल्या प्रत्येक ठाण्याला तो सांगता येतो. त्याच निकालाने योग्य आदेश असेल तर पासवर्ड द्यावा लागू शकतो असेही म्हटले आहे, हे लपवू नये. पण आदेशाने देणे वेगळे आणि नुसत्या दमाने देणे वेगळे.

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रण करायचे आहे, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे जायचे आहे. जप्त वस्तूंच्या यादीची प्रतही मिळाली पाहिजे. म्हणून प्रत्येक कार्यकर्त्याने तीन गोष्टी नम्रपणे पण ठामपणे मागाव्यात. पंचनाम्यात मोबाइलचा आयएमईआय क्रमांक लिहा, मोबाइल माझ्यासमोर सील करा, आणि त्यातून माहिती काढाल तेव्हा तिचा हॅश लिहून द्या. मोबाइल नुसता चालू केला तरी त्यातल्या काही नोंदी बदलतात. म्हणूनच सील महत्त्वाचे, आणि माहिती बाहेर काढताना त्या संचाचा ताळा लिहिणेही तितकेच महत्त्वाचे.

पुढे दोषारोपपत्र आले, की आणखी एक हक्क वापरायचा. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये गोपालकृष्णन विरुद्ध केरळ या प्रकरणात मेमरी कार्डातील मजकूर हा दस्तऐवज आहे असे ठरवले. त्यामुळे सामान्यतः आरोपीला त्याची क्लोन प्रत मिळाली पाहिजे. त्या प्रकरणात पीडितेच्या खाजगीपणासाठी फक्त पाहण्याची मुभा दिली गेली, पण मोर्चाच्या चित्रफितीला ते कारण लागू होत नाही. तेव्हा आपल्या वकिलांनी केवळ छापील फोटोंवर समाधान मानू नये, पूर्ण प्रत मागावी. कापलेल्या दोन मिनिटांत पोरगा ओरडताना दिसतो. त्याआधीच्या आठ मिनिटांत काय झाले, ते पूर्ण प्रतीतच कळते.

भाषेचा प्रश्न इथेही आहे

आता मुख्य मुद्द्यावर येतो. हे सर्व कागद इथे कानडीत होतात. पंचनाम्यावर सही करणारा पंच अनेकदा आपलाच मराठी माणूस असतो आणि त्याला त्यातले धड वाचता येत नाही. आरोपीलाही येत नाही. मोबाइल सील केला असे लिहिले की नाही, हॅश लिहिला की नाही, वेळ कोणती घातली, हे कळल्याशिवाय तो सही करून मोकळा होतो. पुढे उलटतपासणीत तीच सही त्याच्यावर उलटते.

ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक आहेत, तिथे महत्त्वाचे सरकारी नियम, सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे तत्त्व केंद्राने आणि राज्यांनी फार पूर्वी मान्य केले आहे. मराठी परिपत्रकांसाठी आपण वर्षानुवर्षे निवेदने देत आलो आहोत. त्यात आता ही मागणी घालावी. जप्तीची यादी, पंचनामा आणि कलम ६३ चा दाखला यांचे मराठी भाषांतर आरोपीला आणि पंचांना मिळावे. यात कानडीचा द्वेष नाही. माणूस ज्यावर सही करतो ते त्याला कळले पाहिजे, एवढी साधी मागणी आहे, आणि ती कुणाही कानडी भाषिक सुज्ञाला पटेल. मुंबईत किंवा सोलापुरात एखाद्या कानडी माणसाला मराठी पंचनाम्यावर सही करायला लावली, तर त्याच्यासाठीही आपण हीच मागणी केली पाहिजे.

भाषांतर मिळेपर्यंत काय करायचे? सही करण्याआधी "मला मजकूर मराठीत वाचून दाखवला" किंवा "वाचून दाखवला नाही" असे स्वतःच्या हाताने मराठीत लिहून मगच सही करावी. ही एक ओळ पुढे फार कामाला येते.

आपलाही हिशेब चोख हवा

काही मंडळींना पुढचे आवडणार नाही, तरी लिहितो. पुरावा जपायचा तर सगळा जपावा लागतो. आपल्या बाजूने दगड गेला असेल, तर तो भाग कापून उरलेला कोर्टात देणे चालणार नाही. समोरच्याकडे पूर्ण चित्रण असले तर आपली फाइल खोटी ठरते, आणि तिच्याबरोबर आपली दहा खरी चित्रणेही संशयाच्या घेऱ्यात येतात. जुन्या पिढीच्या कार्यकर्त्यांनी मेळावे, सत्याग्रह, तुरुंगवास यांचे कागद किती प्रामाणिकपणे जपले ते आपण पाहिले आहे. त्यांच्या शब्दाला वजन होते, ते या प्रामाणिकपणामुळेच.

तसेच खात्री नसलेली चित्रफीत पुढे पाठवणे थांबले पाहिजे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बसमधील भाषेच्या वादावरून किती झपाट्याने दोन्ही राज्यांत वातावरण तापले आणि एस.टी. गाड्या सीमेवर थांबल्या, ते सर्वांनी पाहिले. त्या दिवसांत जुन्या, दुसऱ्या गावच्या फिती आजच्या म्हणून फिरवणे किती धोक्याचे असते, हे वेगळे सांगायला नको. आणि आता तर यंत्राने बनवलेले खोटे चेहरे, खोटे आवाज आले आहेत. अशा काळात ज्या संघटनेकडे तारीख, वेळ आणि हॅशसह नोंद आहे, तिच्याच चित्रणावर कोर्ट विश्वास ठेवील.

काही जण म्हणतील, भाषेचा आणि मातीचा लढा हा, त्यात संगणकाची कटकट कशाला? दुसरे म्हणतील, इथली व्यवस्थाच आपल्या विरोधात, पुरावा देऊन काय उपयोग? पहिल्यांना माझे उत्तर असे, की आपला मूळ दावाही जनगणना, जमिनीचे उतारे, शाळांची पटसंख्या यांच्या कागदांवर उभा आहे. तेव्हाचे कागद शाईचे होते, आताचे मोबाइलमधले आहेत, एवढाच फरक. दुसऱ्यांना सांगावेसे वाटते, की जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरला फलक हटवताना लाठीमार झाला, तेव्हा चित्रणामुळेच ती बातमी दाबता आली नाही. चित्रण लोकांपर्यंत पोहोचले की जाब विचारता येतो. तेच चित्रण दाखल्यासह कोर्टात पोहोचले तर त्याच्यावर निकालही मिळू शकतो.

एक तक्रार मात्र खरी आहे आणि ती सरकारपुढे मांडली पाहिजे. नव्या नमुन्याच्या भाग ब साठी तज्ज्ञ लागतो. सरकारकडे प्रयोगशाळा आहेत, तज्ज्ञ आहेत. गावातल्या पोराने तज्ज्ञ कुठून आणायचा आणि त्याची फी कोण देणार? विधिसेवा प्राधिकरण गरिबांना वकील देते, तसा या दाखल्यासाठी तज्ज्ञही द्यावा, अशी मागणी सर्व भाषिक मिळून करता येईल.

संघटनेने काय करावे

माझी सूचना अगदी व्यवहारी आहे. येत्या कार्यकारिणीत ठराव करून प्रत्येक घटक शाखेने दोन तरुण निवडावेत, त्यांत एक मुलगी असावी. त्यांना एका रविवारी बसवून हॅश काढणे, ताब्याची वही लिहिणे आणि भाग अ भरणे शिकवावे. मध्यवर्ती कार्यालयात एक लोखंडी कपाट, दोन हार्ड डिस्क आणि एक रजिस्टर ठेवावे. एक डिस्क कार्यालयात आणि दुसरी वकिलांकडे असावी. दरमहा दोन्हींचे हॅश जुळवून पाहावेत, जसे आम्ही बँकेत महिनाअखेर ताळा घालतो. कलम ६३ चा नमुना आणि जप्तीच्या वेळी मागायच्या गोष्टी मराठीत छापून शाखेशाखेत लावाव्यात. आपल्या वकीलमंडळींनी या कामाला वर्षातले दोन दिवस द्यावेत.

आणि पालकांना एक विनंती. राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाची केंद्रे आता गोव्यात आणि धारवाडला आहेत, दोन्ही आपल्याला जवळ. प्रत्येक मुलाने इंजिनिअर किंवा बी.कॉम.च व्हावे असे नाही. सीमाभागातली दोन-चार मराठी मुले-मुली या शास्त्रात शिकून आली, तर भाग ब साठी आपल्याला दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागणार नाही. आणि ती केवळ आपल्या उपयोगी पडतील असेही नाही. कोणत्याही भाषेच्या गरिबाला त्यांचा उपयोग होईल.

या सगळ्याला खर्च फार नाही, शिस्त मात्र लागते. ज्या पोरांनी मराठीसाठी लाठ्या खाल्ल्या त्यांच्यासाठी एक वही नीट लिहिणे एवढे तरी आपण केले पाहिजे. ठरावाचा मसुदा कार्यालयाकडे पाठवत आहे. शाखाप्रमुखांनी तो वाचावा, त्यात दुरुस्त्या सुचवाव्यात आणि पुढच्या बैठकीला येताना आपल्या शाखेतल्या दोन तरुणांची नावे घेऊनच यावे.